आमची कॉपी लाल करून द्या: मुंबईतल्या मराठी संपादकांना खुलं पत्र

आदरणीय संपादक सर, मॅडम, आणि तुमच्या डेस्कवर रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या सगळ्या दादा-ताईंनो,

मी भांडुपला राहते, बारावी आर्ट्सला आहे आणि मला पत्रकार व्हायचंय. तुमच्याकडे एकच मागणी आहे, ती आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. आम्ही अकरावी-बारावीची मुलं जी बातमी लिहितो, म्हणजे तुमच्या भाषेत कॉपी, ती तुमच्यातल्या कोणीतरी वाचावी, जिथे जिथे चुकलंय तिथे लाल पेनाने खुणा कराव्यात आणि परत द्यावी. छापू नका. नाव देऊ नका. सर्टिफिकेट तर अजिबात नको, ती कॉलेजात भरपूर मिळतात. फक्त कॉपी लाल करून द्या.

आता एवढीच गोष्ट का मागतेय ते सांगते, जरा लांबेल.

माझे बाबा पेपर विकतात. स्टेशनबाहेर छोटा स्टॉल आहे आणि सोबत घरोघरची लाइन. पहाटे साडेतीनला उठतात, गठ्ठे उतरवून घ्यायचे, मग फुटपाथवरच बसून पुरवण्या घालायच्या, कोणाचं पॅम्प्लेट आलं असेल तर ते भरायचं, पावसाळ्यात अंक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे आणि साडेसहाच्या आत लाइन संपलीच पाहिजे कारण लोकांना चहासोबत पेपर लागतो, दहा मिनिटं उशीर झाला की फोन येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईत पेपर वाटणं बंद पडलं तेव्हा मी सहावीत होते, बाबा तरीही रोज साडेतीनलाच उठायचे आणि दारात खुर्ची टाकून बसून राहायचे. नंतर सुरू झालं पण बरीच घरं परत आली नाहीत, म्हणाले आता मोबाइलवरच वाचतो. म्हणजे या धंद्याची हालत कशी आहे हे मला कोणी सांगायला नको, आमच्या घरातलं किराणा त्याच्यावर चालतं. तरीही मला यातच यायचंय.

हा नाद मला स्टॉलवर बसूनच लागला. तिथे बसलं की एकच बातमी सात-आठ पेपरांत शेजारी शेजारी दिसते, घरी एकच पेपर येणाऱ्याला ते कळत नाही. रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी शनिवारी सगळीकडे येते ना, तर आठवीत असताना माझ्या लक्षात आलं की चार पेपरांत तिची वाक्यं जवळजवळ तीच आहेत. मला वाटलं एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं. आमच्या स्टॉलवर एक आजोबा रोज यायचे, आयुष्यभर एका छापखान्यात आणि मग पेपरात मुद्रितशोधक म्हणजे प्रूफरीडर म्हणून काम केलेले, ते म्हणाले, "अगं बघून नाही लिहिलंय, ती प्रेसनोट आहे, रेल्वेकडून सगळ्यांना एकच कागद जातो. आता असं कर, त्या कागदाच्या पुढे जाऊन ज्याने एक फोन जास्त केलाय त्याची बातमी शोध." तेव्हापासून मी शोधतेय. एकाने कुठल्या कुठल्या स्टेशनवर गाडी थांबणार नाही याची वेगळी चौकट केलेली असते, एकाने त्याच दिवशी कुठलीतरी परीक्षा आहे हे लक्षात ठेवून ते लिहिलेलं असतं. कोणाचं नाव नसतं त्या बातमीला, पण कोणीतरी वाचणाऱ्याचा विचार केलाय हे कळतं.

तर हे आजोबा. नववी-दहावीत मी त्यांना वहीत बातम्या लिहून दाखवायचे. आमच्या गल्लीतलं गटार, शाळेतलं गॅदरिंग, काहीही. ते शर्टाच्या खिशातून लाल पेन काढायचे आणि स्टॉलवरच उभ्या उभ्या वाचायचे. 'की' आणि 'कि' चं बघायचेच, पण त्यापेक्षा समासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहायचे: कोण म्हणालं? मी लिहिलं "नागरिकांमध्ये संताप", तर बाजूला लाल, कोण म्हणालं? किती नागरिक, तू किती जणांशी बोललीस? मी लिहिलं "अनेक वर्षांपासून", तर लाल, किती वर्षं? मला तेव्हा राग यायचा, खरं सांगते, एक पान लिहायला दोन तास लागलेले असायचे आणि परत यायचं तेव्हा ते लालच लाल. पण सहा महिन्यांनी मी लिहितानाच थांबायला लागले, की थांब, हे कोण म्हणालं. मग दहावीची परीक्षा झाली आणि आजोबा मुलीकडे नाशिकला राहायला गेले. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर वाचवत नाही, फोनवर बोलतात तेवढंच.

तुम्ही म्हणाल शाळा-कॉलेजात हे शिकवत नाहीत का. शिकवतात, आणि ज्यांनी अभ्यासक्रमात घातलं त्यांचे मनापासून आभार. दहावीला मराठीत बातमीलेखन आहे. अकरावीच्या युवकभारतीत मुद्रितशोधन आहे, अनुवाद आहे, ब्लॉग म्हणजे अनुदिनी लेखन आहे, रेडिओजॉकी आहे. बारावीला मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख. वाचायला छान धडे आहेत, आमच्या मॅडम मन लावून शिकवतात, पण एका वर्गात आम्ही ९० जण. आणि परीक्षेत बातमी बसल्या जागी लिहायची असते. शाळेत मराठी भाषा गौरव दिन साजरा झाला, बातमी तयार करा. मग आम्ही प्रमुख पाहुणे मनाने आणतो, त्यांचं भाषण मनाने लिहितो, शेवटी कार्यक्रम उत्साहात पार पडला आणि पसायदानाने सांगता झाली. चांगले मार्क मिळतात. यात मार्क शब्दांना मिळतात, माहिती कुठून आणली याला नाही, कारण ती आणायचीच नव्हती. मला वाटतं की बातमी म्हणजे छान शब्दांत लिहायचा निबंध ही जी समजूत आमची होते ती इथेच होते आणि पुढे ती काढायला कोणीतरी लागतं.

माझी ती समजूत कशी निघाली ते सांगते. हे सांगायला मला जड जातंय पण यासाठीच तर पत्र लिहितेय.

आमच्या टेकडीच्या पायथ्याशी एक अभ्यासिका आहे. कोणाची, कोण चालवतं ते इथे नको. वर घरं दहा बाय दहाची, टीव्ही चालू, लहान भावंडं, त्यामुळे दहावी-बारावीची आणि एमपीएससीवाली मुलं तिथेच बसतात, मीही बसते. गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर ती बंद झाली. कुलूप. चार दिवस, आठवडा, दोन आठवडे. मी दोन मुलांशी बोलले, ते म्हणाले चावीवाले काका येतच नाहीत, त्यांना काही पडलेलीच नाही. मी त्याच रात्री बातमी लिहिली. हेडिंग "अभ्यासिकेला कुलूप, विद्यार्थ्यांचे हाल", आणि इंट्रोतच, म्हणजे बातमीच्या सुरुवातीलाच, "कर्मचाऱ्याच्या बेजबाबदारपणामुळे". एका पेपरला मेल केली, उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही म्हणून मी ती आमच्या एरियाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि इन्स्टावर स्टोरी टाकली, बंद दाराचा फोटो लावून. दोन तासांत सगळीकडे फिरली. मला इतका आनंद झाला की झोप लागली नाही. वाटलं, हीच पत्रकारिता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काही मोठी मुलं त्या काकांच्या घरी जाऊन त्यांना वाटेल ते बोलून आली. त्यांच्या सुनेसमोर, नातवंडांसमोर.

आणि खरं काय होतं? आतल्या स्विचबोर्डमधून ठिणग्या येत होत्या. काकांनी एका मुलाच्या हाताला झटका बसलेला बघितला, त्याच दिवशी मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं आणि वायरिंग करून द्या म्हणून वर दोनदा लेखी कळवलं. त्यांच्याकडे त्या दोन्ही पत्रांच्या शिक्का मारलेल्या कॉपी होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या. हे त्यांनी मला दाखवलं जेव्हा मी तिसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. ते मला ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "बाळा, माझं घर अभ्यासिकेच्या मागेच आहे गं, एकदा विचारलं असतंस."

खरी बातमी त्यांच्या पिशवीत होती. बोर्ड बिघडलाय, लेखी कळवूनही दुरुस्ती होत नाहीये, परीक्षा तोंडावर आलीये. माझ्या बातमीपेक्षा दहापट मोठी बातमी, आणि मी एका म्हाताऱ्या माणसाला झोडून ती झाकली. स्टोरी डिलीट केली, ग्रुपवर माफी लिहिली, पण माफी कोण फॉरवर्ड करतं. पहिली पोस्ट अजून कुठेतरी फिरतेय.

आता बघा, माझी कॉपी त्या रात्री पोस्ट व्हायच्या आधी कोणाही अनुभवी माणसाच्या हातात पडली असती तर त्याला किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट. "बेजबाबदारपणा" शब्दाखाली लाल रेघ आणि बाजूला, त्यांना विचारलंस का? तेवढंच. ज्याच्यावर आरोप करतोय त्याची बाजू घ्यायची हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात कोणीतरी सीनियरने शिकवलं असेल, प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही ते आहे, मी नंतर वाचलं. पण वाचून ते हातात येत नाही. ते कोणीतरी आपल्याच कॉपीवर दाखवावं लागतं.

काही जण म्हणतील आता एआय आहे, त्याच्याकडून तपासून घे. घेतली होती ना. तीच अभ्यासिकेची बातमी मी एका ॲपमध्ये टाकली होती पाठवायच्या आधी. त्याने माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, वाक्यं छोटी केली, हेडिंग जास्त टोकदार करून दिलं. माझी चुकीची बातमी त्याने जास्त चांगली दिसेल अशी करून दिली. त्याला कुठे माहीत, अभ्यासिकेच्या मागे कोण राहतं.

अजून एक. आमच्या वयाच्या मुलांच्या हातात मोबाइल आहे, प्रत्येक जण पोस्ट करतोच, त्यामुळे आम्ही पत्रकार व्हायच्या आधीच छापायला लागलोय. मध्यंतरी आमच्या भागात एका लहान मुलीच्या बाबतीत वाईट घटना घडली तेव्हा माझ्याच ओळखीतल्या मुलांनी न्याय मिळावा म्हणून, चांगल्या मनाने, तिची शाळा, बिल्डिंग सगळं टाकलं. कोणालाच माहीत नव्हतं की पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, नाव तर नाहीच पण शाळा, पत्ता, घरचे लोक, शेजार, काहीच नाही. बाल न्याय कायद्यातही कलम ७४ आहे. मलाही कायदा माहीत नव्हता, फक्त पोटात गोळा आला म्हणून मी टाकलं नाही. तुमच्या डेस्कवरच्या कोणालाही हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आम्हाला कोण सांगणार?

कोर्सचं म्हणाल तर तो शोध मी घेतलाय. बारावीनंतर मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी हा मास मीडियाचा पदवी कोर्स आहे, ज्याला आधी बीएमएम म्हणायचे, त्याला आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कुठूनही जाता येतं, पत्रकारिता आणि जाहिरात अशा दोन वाटा आहेत आणि मोजक्या कॉलेजांत मराठीतूनही शिकता येतो. पदवीनंतर कालिन्याचा विद्यापीठाचा विभाग, झेवियर इन्स्टिट्यूट, सोफिया, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, अमरावतीचं आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) केंद्र. फी बघून काही नावं मी आधीच खोडलीत. माझा स्वतःचा विचार असा झालाय की आधी बीए इकॉनॉमिक्स करावं आणि पत्रकारिता नंतर, कारण मी मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट उघडून बघितलं, ७४ हजार कोटींच्या वरचं, आणि मला त्यातलं एक पानसुद्धा नीट समजलं नाही. महसुली काय आणि भांडवली काय, तरतूद किती आणि खर्च किती झाला. ज्याला ते वाचता येतं त्याला कोणाच्या प्रेसनोटची वाट बघावी लागत नाही. माझं चुकत असेल तर तुम्ही सांगा, हेही मला विचारायचंच आहे.

आई मात्र अजून तयार नाही. तिला पैशांची काळजी आहेच पण खरी भीती वेगळी आहे. २०११ च्या जूनमध्ये पवईत भरदिवसा पत्रकार ज्योतिर्मय डे यांना गोळ्या घालून मारलं. पवई म्हणजे आमच्या शेजारी. मी तेव्हा अगदी लहान होते, पण बाबा सांगतात की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत स्टॉलवरचा एक अंक उरला नाही आणि लोक पेपर घेऊन तिथेच उभे राहून वाचत होते, कोणी बोलत नव्हतं. आई तेव्हापासून पत्रकार म्हटलं की तेच आठवते. पुढे महाराष्ट्रात २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा झाला, मी तिला वाचून दाखवला, ती म्हणाली कायदा गोळी लागल्यावर येतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मला वाटतं की कशात हात घालायचा, कधी एकटं जायचं नाही, कोणाला सांगून जायचं, कागद कुठे ठेवायचे, हे सगळं शिकवणारं माणूस असलं तर आईला थोडं बरं वाटेल. आत्ता तिला दिसतं ते एवढंच की पोरगी एकटीच काहीतरी करतेय आणि एकदा फसलीसुद्धा.

आमच्याकडून जे जमतं ते आम्ही करतोय. मी आणि दोन मैत्रिणी मिळून इन्स्क्रिप्ट म्हणजे मराठी कीबोर्डवरचं टायपिंग शिकतोय, मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय इतकी लागलेली की पहिला महिना बोटं वळायचीच नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज करायला शिकलो. २००५ चा कायदा नागरिकांना हक्क देतो, वयाची अट त्यात लिहिलेली नाही, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, उत्तरासाठी ३० दिवस. आणि महाराष्ट्रात तर अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. माझा पहिला मसुदा ४०० शब्दांचा झाला होता, त्यातला निम्मा राग होता, तो काढला तेव्हा प्रश्न उरले. पारीची साइट वाचतो, ग्रामीण भारतातल्या लोकांबद्दलची, पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली, तिथे मराठीतही येतं आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेलंही येतं, त्यात साधं माणूस किती वेळ देऊन ऐकलंय हे कळतं. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन आले, १८९८ ची संस्था, तिथे बसून वाचताना वाटलं की आपल्याआधी किती जणांनी किती लिहून ठेवलंय. कॉलेजात भित्तिपत्रक आहे, त्यावर सुविचार आणि सणांचे लेख लागतात. आम्ही कँटीनच्या दरांवर आणि मुलींच्या टॉयलेटमधल्या पाण्यावर लिहितो म्हणालो तर ते नको झालं, पुढच्या अंकात बघू. बघू अजून चालूच आहे.

यावरून एक घटना सांगते, बाहेरची आहे पण मुलं आमच्याच वयाची. अमेरिकेत कॅन्सस राज्यात पिट्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या हायस्कूलच्या मुलांचं स्वतःचं वर्तमानपत्र आहे. २०१७ मध्ये त्यांच्या शाळेवर नवीन प्रिन्सिपल नेमल्या गेल्या. मुलांना साधी ओळख करून देणारी बातमी करायची होती. म्हणून त्यांनी मॅडमची डिग्री जिथली सांगितली होती ते विद्यापीठ शोधलं, तर त्या विद्यापीठाचाच धड पत्ता लागेना. मुलांनी फोन केले, कागद तपासले, मॅडमशी स्वतः बोलले, त्यांचं म्हणणं घेतलं आणि मग छापलं. काही दिवसांत त्या प्रिन्सिपलनी राजीनामा दिला. मी हे वाचलं तेव्हा मला त्या मुलांच्या हिमतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा हेवा वाटला. त्यांच्यासोबत एक पत्रकारिता शिकवणारी शिक्षिका होती जी विचारत राहिली, हे पक्कं आहे का, आणखी कोणाला विचारलं. आणि त्या राज्यात विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रांना संरक्षण देणारा कायदा १९९२ पासून आहे. कायदा वगैरे मी मागत नाही. ते "पक्कं आहे का" विचारणारं माणूस मागतेय. माझ्याकडे ते असतं तर अभ्यासिकेची बातमी त्या मुलांसारखी झाली असती, फोन करून, कागद बघून, काकांना विचारून.

दर ६ जानेवारीला तुमच्या सगळ्यांच्या ऑफिसात पत्रकार दिन होतो, बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालतात, दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर ती बातमी मी वाचते. १८३२ मध्ये याच मुंबईत त्यांनी 'दर्पण' काढलं तेव्हा ते जेमतेम विशीतले होते, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे फक्त. आणि ते नुसते संपादक नव्हते, एल्फिन्स्टनमध्ये शिकवायचे, दादाभाई नौरोजी त्यांच्या हाताखाली शिकले. म्हणजे मराठीतला पहिला संपादक हा मास्तर होता. बाबासाहेबांनी १९२० मध्ये मुंबईतून 'मूकनायक' काढलं तेव्हा तेही २८ वर्षांचे होते आणि त्यांनाही सिडनहॅम कॉलेजातल्या वर्गाची सवय होती, तिथे ते प्राध्यापक होते. तुमच्या कामात आणि शिकवण्यात एवढं अंतर कधी पडलं मला माहीत नाही, पण आमच्याकडून बघताना ते फार मोठं वाटतं. तुमच्या बिल्डिंगच्या खाली सिक्युरिटी आहे, मेलला उत्तर येत नाही, आणि इंटर्नशिपला विचारलं की ग्रॅज्युएशन चालू असलं पाहिजे असं सांगतात. मला कळतं की तुमच्याकडे माणसं कमी आहेत, एकेक सब-एडिटर चार पानं लावतो, टीव्हीवाल्यांना तर जेवायला वेळ नसतो. म्हणूनच मी फार मागत नाहीये.

आठवड्यातला एक तास. तुमच्या डेस्कवरचं कोणीही एक जण. आम्ही ३०० शब्दांच्या वर पाठवणार नाही. सोबत ज्यांच्याशी बोललो त्यांची यादी देऊ, कोण म्हणालं याचं उत्तर आधीच लिहून. तुम्ही प्रिंट काढा, पेनाने खुणा करा, मोबाइलवर फोटो काढून पाठवा, टाइप करायचीही गरज नाही. कौतुक केलं नाही तरी चालेल. "पुन्हा लिही" एवढंच लिहून आलं तरी आम्ही पुन्हा लिहू. एका पेपरने दहा मुलं घेतली तरी मुंबईत किती होतील, विचार करा, आणि त्यातली सगळी काही पत्रकार होणार नाहीत, काही बँकेत जातील, काही पोलीस भरतीला, पण ती मुलं उद्या ग्रुपवर काही फॉरवर्ड करायच्या आधी एकदा थांबतील. आणि जे निवृत्त झालेत, दादरला, ठाण्याला, डोंबिवलीला घरी आहेत, उपसंपादक, मुद्रितशोधक, बातमीदार, त्यांना तर मी हात जोडून सांगते की तुमच्या जवळच्या कॉलेजात जाऊन प्रिन्सिपल सरांना भेटा आणि आम्हाला शनिवारी एक तास द्या. आम्ही चहा आणू. खुर्ची पुसून ठेवू.

मे महिन्याच्या सुट्टीत एक दिवस, फक्त एक, ऑफिसच्या कोपऱ्यात बसू दिलंत तर तेही फार होईल. रात्रपाळी नको, आईबाबांची परवानगी लेखी आणू, मोबाइल बाहेर ठेवू. दुपारची मीटिंग कशी होते, कुठली बातमी पहिल्या पानावर जाते आणि कुठली पडते आणि का पडते, ते ऐकायचंय. जी बातमी संध्याकाळी तुमच्यासमोर तयार होते ती दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाबांसोबत फुटपाथवर बसून घडी घालते, मधलं काहीच मी कधी बघितलेलं नाही.

या पत्रासोबत माझी अभ्यासिकेची बातमी जोडतेय, नव्याने केलेली. या वेळी काकांशी तीनदा बोलले, त्यांच्या दोन्ही पत्रांच्या तारखा घेतल्या, ज्यांच्याकडे दुरुस्तीचं काम आहे त्यांच्या ऑफिसात दोन चकरा मारल्या, पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा भेटले आणि दहा मिनिटं बोलले, त्यांचं म्हणणं शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे, ते वर घ्यायला हवं होतं का हे मला ठरवता आलं नाही. झटका बसलेल्या मुलाचं नाव टाकलेलं नाही, तो १५ वर्षांचा आहे. २९४ शब्द झालेत. दोन ओळींमध्ये जागा सोडलीये आणि डावीकडे मोठा समास ठेवलाय.

तुमची,
बारावी आर्ट्सची एक विद्यार्थिनी
भांडुप, मुंबई